सह्याद्रीचा कायदा आणि डोंगराखालचे गाव



"आमचा गाव इको-सेन्सिटिव्ह झाला, आता घरावरचे कौल बदलायलाही परवानगी लागणार!" असे बोलणे घाटमाथ्यावर नि कोकणात कित्येक वर्षे ऐकू येते. दुसरीकडे, आषाढ-श्रावणात दरड कोसळून गाव गाडला गेल्याची बातमी कानी पडते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. २०२१ साली महाड तालुक्यातील तळिये आणि २०२३ साली खालापूरची इर्शाळवाडी. या दोन गोष्टींचा संबंध आहे, तो नीट समजून घेऊ या.

प्रथम डोंगर का खचतो ते पाहू. सह्याद्री काळ्या पाषाणाचा. पण त्याचा वरचा थर हजारो वर्षांच्या ऊनपावसाने झिजून मुरूम आणि माती झालेला आहे. पाऊस बेताने पडला तर काही पाणी वाहून जाते, काही मुरते, आणि झाडांची मुळे माती धरून ठेवतात. पण एकदम फार पाणी मुरले की माती जड होते आणि तिची आतली पकड सुटते. मग तो सारा थर खालच्या कातळावरून घसरतो. रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापलेला असला किंवा उतारावरची झाडे तोडलेली असली, तर हे काम आणखी सोपे होते. गुरुजींनी हे वर्गात करून दाखवावे. पाट तिरपा ठेवायचा, त्यावर मातीचा थर थापायचा आणि झारीने पाणी घालीत राहायचे. मुलांना पुस्तकाची गरज उरणार नाही.

आता पाऊसही पूर्वीचा राहिलेला नाही. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि ते थोड्या वेळात ओतते. तळिये गाडले गेले त्या सुमारास, २२ जुलै २०२१ रोजी, महाबळेश्वरी चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली.

मग सरकारने काय केले? २०१० साली केंद्राने प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०११ च्या अहवालात तिने सबंध पश्चिम घाटाचे तीन प्रतींचे संवेदनशील विभाग सुचविले, आणि त्यांविषयीचे निर्णय ग्रामसभेपासून वर जावेत असे म्हटले. राज्यांना ते फार कडक वाटले. तेव्हा डॉ. कस्तुरीरंगन यांचा गट नेमला गेला. त्याने २०१३ साली घाटाचा सुमारे ३७ टक्के भागच संवेदनशील ठरवावा असे सांगितले. त्यावरून २०१४ पासून मसुदे निघू लागले. मुदतीत अंतिम न झालेला मसुदा बाद होतो, म्हणून नवा काढावा लागतो. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. केरळात वायनाडला दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्यात सहा राज्यांतील ५६ हजारांहून अधिक चौरस किलोमीटर प्रदेश होता. पैकी महाराष्ट्राचा १७ हजारांहून अधिक.

या मसुद्यात बंदी कशाला, तर खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प, अति प्रदूषण करणारे नवे कारखाने आणि वीस हजार चौरस मीटर वा त्याहून मोठी बांधकामे यांना. राहत्या घराची दुरुस्ती करू नये, वाढवू नये, असे त्यात नाही. शेती बंद करा असेही नाही. तेव्हा कौलाची भीती खोटी. पण म्हणून गावकऱ्याची तक्रारच खोटी, असे मात्र म्हणू नये. आपल्या गावाचे नाव यादीत आले हे त्याला उशिरा कळते, आणि त्याला विचारून ते घातलेले नसते. भीती पसरते ती याच अंधारात. आणि तिचा फायदा गरीब शेतकऱ्यापेक्षा खाणवाल्यालाच अधिक होतो.

नुसत्या कायद्याने दरड थांबत नाही, हेही ध्यानात ठेवा. इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हते. कचेरीतल्या यादीला जे दिसत नाही, ते गावच्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. उतारावर नवी भेग पडली, झाडे वा विजेचे खांब कलले, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले किंवा भलतीकडेच नवा झरा फुटला, तर ही धोक्याची खूण समजावी. मुसळधार पावसात अशी खूण दिसली तर रात्र पडायची वाट न पाहता माणसे-गुरे हलवावीत आणि तहसीलदारांस कळवावे.

दोन कामे आपल्या हातची आहेत. मसुदा निघाला की हरकतीसाठी साठ दिवस मिळतात. त्या मुदतीत ग्रामसभा बोलवा, मसुदा गुरुजींकडून मोठ्याने वाचून घ्या आणि काय हवे, काय नको, ते ठराव करून कळवा. दुसरे काम पावसाळ्यापूर्वीचे. चार जाणती माणसे बरोबर घेऊन गावामागचा डोंगर एकदा चढून पाहा.