कापडाच्या गावातील मोटारसायकल

कापडाच्या धंद्यात ज्यांची हयात गेली त्यांना ब्रॅडफोर्ड हे नाव नवे नाही. उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील हे शहर एकेकाळी वर्स्टेड कापडाची राजधानी समजले जाई. त्याला लागूनच शिपली हे गाव, आणि शिपलीच्या शेजारी सॉल्टेअर, जिथे टायटस सॉल्ट या कारखानदाराने १८५३ मध्ये अल्पाका लोकरीची अवाढव्य गिरणी सुरू केली. दुसऱ्या महायुद्धानंतर या भागातील गिरण्यांत काम करण्यासाठी पाकिस्तानातून, विशेषतः मीरपूरकडून, हजारो मुसलमान गेले. आज तेथे त्यांची नातवंडे राहतात. गिरण्या मात्र बहुतेक बंद पडल्या.

परंतु आज कापडाविषयी लिहायचे नाही. याच गिरण्यांच्या धुराड्यांखाली, शिपलीत, एक मोटारसायकल तयार होत असे. तिचे नाव स्कॉट. तिचे उत्पादन शिपलीत १९५० साली थांबले, तरी तिच्यामागे वेडे झालेले लोक आजही आहेत. आपल्याकडे जावा, येझदी आणि राजदूत या जुन्या गाड्यांना अलीकडे जे गिऱ्हाईक आले आहे ते पाहून आमचे अनेक बांधव चक्रावून जातात. भंगारात वजनावर जाणाऱ्या गाडीसाठी माणूस दोन-दोन वर्षे का थांबतो, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. स्कॉटची हकिकत वाचल्यावर तो बराचसा सुटला. गॅरेज आणि खरादचा धंदा करणाऱ्यांना ती उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे देत आहोत.

आल्फ्रेड अँगस स्कॉट याचा जन्म १८७५ साली ब्रॅडफोर्डच्या मॅनिंगहॅम भागात झाला. जहाजांची आणि कारखान्यांची इंजिने बनवणाऱ्यांकडे त्याने काम शिकले. विसावे शतक सुरू होण्याच्या सुमारास त्याने स्वतः बनवलेले छोटे इंजिन एका सायकलला बसवून पाहिले. आपल्या टू-स्ट्रोक इंजिनाचे पेटंट त्याने १९०४ मध्ये घेतले आणि १९०८ मध्ये पूर्ण मोटारसायकल तयार केली. पहिल्या काही गाड्या त्याच गावच्या जॉवेट बंधूंच्या कारखान्यात बनल्या. हेच जॉवेट पुढे मोटारगाड्यांसाठी प्रसिद्ध झाले.

त्या काळी मोटारसायकल म्हणजे जाड सायकलीला लटकवलेले इंजिन असे. चाक फिरवण्यासाठी चामड्याचा पट्टा असायचा, तो पावसात घसरायचा. क्लच नाही, गिअर नाही. गाडी धावत ढकलायची आणि उडी मारून बसायचे. स्कॉटने हे सारे बाजूला ठेवले. त्याच्या गाडीला साखळी होती, पायाने मारायची किक होती आणि पायानेच बदलायचे दोन गिअर होते. पेडल टाचेने दाबले की एक गिअर, पंजाने दाबले की दुसरा. पुढच्या चाकाला स्प्रिंगचे दुर्बिणीसारखे आत-बाहेर सरकणारे फोर्क होते. सांगाडा मधून मोकळा होता, त्यामुळे लांब झगा घातलेल्या स्त्रियाही ती चालवू शकत.

आता इंजिनाकडे येऊ. यंत्रमाग चालवणाऱ्या बांधवांना हे पटकन समजेल. साध्या मागात वर क्रँक शाफ्ट असतो आणि खाली दुसरा शाफ्ट. वरच्याच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा खालच्याची एक होते. फोर-स्ट्रोक इंजिनातही हेच आहे. पिस्टन चार वेळा वर-खाली जातो, क्रँकच्या दोन फेऱ्या होतात, तेव्हा कुठे एकदा पेट्रोलचा भडका उडतो. व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्यासाठी अर्ध्या वेगाने फिरणारा वेगळा कॅम शाफ्ट लागतो. त्याबरोबर दात्यांची चाके, स्प्रिंगा, दांडे आले. झिजणाऱ्या आणि मोडणाऱ्या वस्तूंची यादी वाढत जाते.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला भडका उडतो आणि व्हॉल्व्ह नसतातच. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या पाडलेल्या असतात. त्यांना कारागीर पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली जाताना स्वतःच त्या खिडक्या झाकतो आणि उघडतो. पिस्टन वर गेला की त्याच्या खाली, क्रँकच्या पेटीत, ताजे पेट्रोल-हवेचे मिश्रण ओढले जाते. तो खाली आला की ते मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटेने वर सिलिंडरमध्ये शिरते आणि जळलेला धूर समोरच्या खिडकीतून बाहेर ढकलते. एका पिस्टनकडून दोन्ही बाजूंनी काम करून घेतले जाते.

यात एक मोठी मेख आहे. ताजा माल आत येतो आणि धूर बाहेर जातो तो एकाच वेळी, दोन्ही खिडक्या उघड्या असताना. मग ताजा माल धुराबरोबर सरळ बाहेर का जाणार नाही? जातोच. ते थोपवण्यासाठी स्कॉटने पिस्टनच्या डोक्यावर एक उंचवटा ठेवला. मिश्रण त्याला आपटून वर वळते आणि सिलिंडरच्या माथ्याशी जाऊन मग खाली येते. युक्ती चांगली होती, परंतु उंचवट्यामुळे पिस्टन एका बाजूने जड होतो आणि तेथेच जास्त तापतो. हा उंचवटा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्यानेच घात केला.

प्रत्येक फेरीला भडका म्हणजे उष्णता दुप्पट. त्यावर स्कॉटने पाणी वापरले. सुरुवातीला फक्त सिलिंडरच्या माथ्याला, आणि १९१४ पर्यंत संपूर्ण सिलिंडरला. पाणी फिरवायला पंप ठेवला नाही. गरम पाणी हलके होऊन आपोआप वर रेडिएटरमध्ये चढते आणि थंड होऊन जड झालेले पाणी खाली येते. चुलीवरच्या पातेल्यात आपण हेच रोज पाहतो.

आम्हाला सर्वांत आवडला तो क्रँकचा भाग. सिलिंडर दोन आणि दोहोंच्या मधोमध एकच फ्लायव्हील. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक छोटा क्रँक बाहेर आलेला. प्रत्येक क्रँकच्या पेटीला बाहेरून गोल झाकण असते आणि ते एका पट्टीने आवळलेले असते. पट्टी सैल करून झाकण काढले की कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक समोर दिसते. एरवी ज्या कामासाठी अख्खे इंजिन उतरवून दोन फाळ्यांत उघडावे लागते, ते येथे झाकण उघडून सुरू करता येते. दुरुस्ती करणाऱ्याच्या हाताचा विचार बनवणाऱ्याने आधीच केलेला होता. आजच्या किती गाड्यांबद्दल असे म्हणता येईल?

एक पिस्टन वर असताना दुसरा खाली, म्हणून क्रँकच्या प्रत्येक फेरीत दोन भडके समान अंतराने उडतात. गाडी धक्के न देता ओढते आणि वेगात तिचा आवाज फटफट न राहता लांब कर्कश रडण्यासारखा होतो. शौकीन लोक या आवाजावरच फिदा आहेत.

१९०८ च्या उन्हाळ्यात स्कॉटने चढावाच्या शर्यतींत मोठ्या नावाच्या गाड्यांना मागे टाकले. प्रतिस्पर्धी संतापले. एका फेरीत दुप्पट भडके हा अन्याय आहे, अशी तक्रार गेली. तेव्हा शर्यतींचे नियमन करणाऱ्या ऑटो-सायकल युनियनने काही काळ स्कॉटच्या इंजिनाचा आकार १.३२ ने गुणून धरण्याचा नियम केला. म्हणजे पाचशे सीसीचे इंजिन कागदावर सहाशे साठ सीसीचे होऊन मोठ्यांच्या गटात जाई. व्यापाऱ्याला याहून चांगली जाहिरात कोणती? आमचा माल एक तृतीयांश जास्त भारी आहे, असे सरपंचांनीच लिहून दिले! पुढे आइल ऑफ मॅन बेटावरील सीनियर टीटी ही जगप्रसिद्ध शर्यत स्कॉटने १९१२ मध्ये जिंकली. फ्रँक ॲपलबी पहिल्यापासून शेवटपर्यंत आघाडीवर होता. टीटी जिंकणारी ही पहिली टू-स्ट्रोक गाडी. १९१३ मध्ये टिम वुडने तीच शर्यत पुन्हा स्कॉटवर जिंकली. १९१४ मध्ये कारखान्यातील माणसांसाठी डोंगराळ रस्त्यांवरची एक स्पर्धा सुरू झाली. स्कॉट ट्रायल या नावाने ती आजही यॉर्कशरमध्ये भरते.

पहिल्या महायुद्धानंतर स्कॉट स्वतःच्या कंपनीतून बाहेर पडला. सोशेबल नावाच्या विचित्र तीनचाकी गाडीच्या मागे तो लागला आणि ती फारशी खपली नाही. १९२३ मध्ये, डोंगरातील गुहा पाहून ओल्या कपड्यांत परतल्यावर न्युमोनिया होऊन तो वारला. वय अठ्ठेचाळीसही पूर्ण झाले नव्हते.

कंपनी चालू राहिली. १९२६ मध्ये तिने फ्लाइंग स्क्विरल, म्हणजे उडती खार, हे मॉडेल काढले. देखणी गाडी, पण महाग आणि पहिल्यापेक्षा जड. १९३१ मध्ये कंपनी कर्जात बुडून रिसीव्हरच्या ताब्यात गेली. मंदी हे त्याचे एक कारण. दुसरे कारण आमच्या मते इंजिनातच होते. जर्मनीत आडॉल्फ श्न्यूर्ले नावाच्या इंजिनिअरने पिस्टनवरचा तो उंचवटा काढूनच टाकला. सपाट पिस्टन ठेवायचा आणि दोन खिडक्या अशा तिरक्या पाडायच्या की दोन्ही बाजूंचे झोत मागच्या भिंतीकडे एकत्र येऊन वर चढतील आणि वळसा घेऊन धूर बाहेर काढतील. डीकेडब्ल्यू कंपनीने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ही रीत मोटारसायकलीत आणली. पिस्टन हलका झाला, तापणे कमी झाले, पेट्रोल वाचले. युद्धानंतर डीकेडब्ल्यूच्या आरटी १२५ या गाडीची नक्कल इंग्लंडात, अमेरिकेत, रशियात झाली. जपानच्या यामाहाची १९५५ मधील पहिली मोटारसायकलही तिच्याच वळणावर होती. शिपलीत मात्र उंचवट्याचा पिस्टन तसाच राहिला. त्यांनी तीन सिलिंडरचे मोठे मॉडेलही बनवले, तेही बोटांवर मोजण्याइतके. १९५० मध्ये शिपलीचा कारखाना बंद झाला आणि हक्क बर्मिंगहॅमच्या मॅट होल्डर यांच्याकडे गेले. त्यांनी थोड्या थोड्या गाड्या पुढे बनवल्या.

आपल्याकडे रस्त्यावर आलेल्या टू-स्ट्रोक गाड्या या दुसऱ्या, सपाट पिस्टनच्या घराण्यातील. पोलंडच्या एसएचएलवरून आलेली राजदूत १७५, १९८५ ची यामाहा आरएक्स १००, आणि म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची जावा व येझदी. हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. येझदीची बनावटही आपल्या परीने जगावेगळी. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. किक आणि गिअर यांना एकच दांडी. ताजा माल धुराबरोबर निसटण्याचा टू-स्ट्रोकचा मूळ दोष मात्र पूर्ण गेला नाही. प्रदूषणाचे नियम कडक झाले तशा या गाड्या बाजारातून गेल्या.

आमच्या घरी येझदी होती. अब्बाजान तिच्यावर कापडाचे तागे बांधून बाजाराला जात. एकदा पिस्टन बदलायचा झाला. एका दुकानदाराने कंपनीचा म्हणून कंपनीच्या भावात पिस्टन दिला. महिनाभरात भर रस्त्यात इंजिन सीज झाले, सिलिंडर खरवडून निघाला. माल दुय्यम होता हे त्याला ठाऊक होते. दुय्यम म्हणून विकला असता तरी आम्ही कदाचित घेतला असता, जपून चालवली असती. वर कोरडे आणि आत ओले धान्य विकणाऱ्याला प्रेषित (स.) यांनी काय सुनावले, हे आपल्या प्रत्येक दुकानदाराने लहानपणी ऐकलेले असते.

जुन्या गाड्यांच्या बाजारात हाच मुद्दा सर्वांत महागडा आहे. शौकीन माणूस लोखंड विकत घेत नाही. त्या गाडीत जो विचार आहे, मधले फ्लायव्हील, झाकणाची पेटी, दोन सायलेन्सर, तो त्याला जसाच्या तसा हवा असतो. म्हणून नवीन बनवलेला भाग नवीन म्हणून सांगितला तर तो आनंदाने घेतो. फसवले तर त्याच्या ओळखीचे पन्नास जण तुटतात, कारण हे सगळे एकमेकांना ओळखतात. स्कॉट मालकांचा क्लब १९५८ पासून चालू आहे. १९७० च्या दशकात डर्बी येथील जॉर्ज सिल्क यांनी जुन्या स्कॉट दुरुस्त करता करता त्याच विचाराचे नवे इंजिन बनवले आणि सिल्क ७०० एस ही गाडी विकली. सुमारे १४० गाड्या झाल्या. आज स्कॉटचे पिस्टन, क्रँक, झाकणे तिकडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये नमुन्यावरून तयार होतात. आपल्या वस्त्यांतील खरादवर बसलेले उस्ताद याहून अवघड कामे यंत्रमागाच्या सुट्या भागांसाठी रोज करतात.

ज्यांना या कामात पडायचे आहे त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी मूळ रूपात असेल आणि तिच्या चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल, तर ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये पडतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली वगैरेंसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नाही. तेव्हा गिऱ्हाईक कितीही म्हणाले तरी दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवून देऊ नये, आणि चेसिस वा इंजिनाच्या नंबरावर छिन्नी तर कधीच चालवू नये. तो गुन्हा आहे.

दुसरे असे की, जुना भाग हातात आला की तो भंगारात टाकण्यापूर्वी त्याची मापे वहीत उतरवून ठेवावीत. झिजलेल्या जागेचे माप वेगळे, न झिजलेल्याचे वेगळे. धातू कोणता, बुशाची सैल किती ठेवली, पिस्टन आणि सिलिंडरमध्ये फट किती ठेवली, सारे तारखेसह. आमच्या ओळखीचे एक वृद्ध खरादी होते, येझदीचा क्रँक डोळ्यांच्या अंदाजाने सरळ करीत. त्यांचा इंतकाल झाला. मुलगा मोबाइलच्या दुकानात बसतो. गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक नाशिकहून क्रँक घेऊन त्यांचे दुकान शोधत आले होते.