मोटारीतील ब्रेक व स्थैर्य नियंत्रणाचे इशारादिवे

मोटारीतील ब्रेक व स्थैर्य नियंत्रणाचे इशारादिवे हे डॅशबोर्डवर चालकासमोर असणारे आणि ब्रेक यंत्रणेतील बिघाड किंवा तिची विशिष्ट अवस्था दर्शविणारे दिवे होत. ब्रेकचा तांबडा दिवा, एबीएसचा पिवळा दिवा आणि स्थैर्य नियंत्रणाचा (ईएससी) पिवळा दिवा हे त्यांतील प्रमुख होत. तांबडा दिवा मूळ ब्रेकविषयी असतो. पिवळे दिवे ब्रेकला साहाय्य करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांविषयी असतात. हा भेद घाटरस्त्यांवर विशेष महत्त्वाचा ठरतो. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात मुंबई-नाशिक महामार्गावर कसारा घाट आहे, तर मुरबाडवरून जाणारा कल्याण-अहिल्यानगर महामार्ग माळशेज घाटातून पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात प्रवेश करतो. तीव्र उतार, वळणे, पावसाळी धुके आणि ओला रस्ता यांमुळे अशा ठिकाणी दिव्याचा अर्थ तत्काळ कळणे आवश्यक असते.

पार्श्वभूमी

जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जागीच अडकून गाडी घसरू नये, यासाठी एबीएस ही यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणोक्षणी कमी-अधिक करते. ईएससी त्यापुढे जाऊन, वळणावर गाडी चालकाने वळविलेल्या दिशेपासून भरकटू लागल्यास एखाद्याच चाकाला ब्रेक लावते व गरजेनुसार इंजिनची शक्ती कमी करते. इलेक्ट्रॉनिक एबीएस इ.स. १९७८ मध्ये आणि ईएससी इ.स. १९९५ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या मोटारींत आले. दोन्ही बॉशच्या सहभागाने विकसित झाले. भारतात १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलांना आणि १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक झाले. त्यामुळे जुन्या मोटारींत पिवळे दिवे नसणे हा बिघाड मानता येत नाही.

दिव्यांची प्राथमिक तपासणी

चावी फिरवल्यावर हे दिवे काही क्षण लागून विझणे अपेक्षित असते. एखादा दिवा मुळीच लागत नसेल, तर तो निकामी झालेला किंवा मुद्दाम काढलेला असू शकतो. जुनी मोटार विकत घेताना ही तपासणी उपयोगी पडते.

तांबड्या दिव्याचे निदान

हॅण्डब्रेक पूर्ण खाली न केल्यास तांबडा दिवा लागतो. हॅण्डब्रेक सोडूनही तो विझला नाही, तर ब्रेक ऑइलची पातळी पाहावी लागते. बॉनेटखालील ऑइलच्या डबीवर किमान व कमाल अशा दोन खुणा असतात. पातळी किमान खुणेच्या आसपास असल्यास दिवा सपाट रस्त्यावर विझलेला राहतो, पण उतारावर किंवा वळणावर ऑइल एका बाजूला गेल्याने लुकलुकतो. त्यामुळे हा दोष पुष्कळदा घाटातच प्रथम लक्षात येतो.

पातळी कमी होण्याची मुख्य कारणे दोन: गळती आणि ब्रेक पॅडची झीज. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो व डबीतील ऑइल त्या जागी उतरते. अशा वेळी केवळ ऑइल भरल्यास दिवा विझतो, परंतु पॅडची झीज झाकली जाते. म्हणून ऑइल भरण्यापूर्वी पॅड, नळ्या व चाकांच्या आतील बाजू तपासणे योग्य ठरते.

एबीएसच्या दिव्याचे निदान

प्रत्येक चाकाजवळ त्याचा वेग मोजणारा सेन्सर असतो. चिखल, लोखंडी कीस, तुटलेली वायर किंवा तडकलेले दातेरी कडे यांमुळे त्याचा संदेश बिघडतो. भातलावणीच्या दिवसांत शेतरस्त्यांवरील चिखल चाकांमध्ये साचतो, तसेच उभ्या गाडीतील वायरी उंदीर कुरतडतात. म्हणून वायर व कनेक्टर आधी डोळ्यांनी पाहिले जातात.

चावी फिरवताच दिवा कायम राहिला, तर वायर तुटणे, फ्यूज, कमी व्होल्टेज किंवा नियंत्रण युनिट यांचा संशय येतो. गाडी थोडी चालल्यावर तो लागला, तर एखाद्या चाकाचा वेगसंदेश चुकत असण्याची शक्यता अधिक असते. नेमके चाक स्कॅनरवर दिसणाऱ्या दोषसंकेतावरून कळते; उदाहरणार्थ, सी-००३५ हा संकेत पुढील डाव्या चाकाच्या सेन्सर-परिपथाकडे निर्देश करतो. केवळ इंजिनचे संकेत वाचणाऱ्या साध्या स्कॅनरवर असे संकेत दिसत नाहीत. शिवाय संकेत परिपथ दाखवतो, निकामी सुटा भाग नव्हे. त्यामुळे सेन्सर बदलण्यापूर्वी वायर तपासणे आवश्यक असते.

स्थैर्य नियंत्रणाच्या दिव्याचे निदान

घसरणाऱ्या गाडीचे चित्र असलेला हा दिवा लुकलुकत असेल, तर यंत्रणा त्या क्षणी काम करीत असते. तो बिघाड नसून वेग कमी करण्याची सूचना होय. दिवा स्थिर राहिल्यास बिघाड असतो. ‘ऑफ’ अक्षरांचा दिवा बहुधा बटणाने यंत्रणा बंद केल्याचे दर्शवितो. ईएससी चाकांचे तेच सेन्सर वापरत असल्याने एबीएसच्या एका दोषाने दोन्ही दिवे लागू शकतात. स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर, ब्रेक पेडलचा स्विच आणि एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर ही अन्य कारणे होत. काही मोटारींत बॅटरी काढून जोडल्यावरही दिवा लागतो व थोडे अंतर चालवल्यावर विझतो.

वाहन थांबविण्याचा निर्णय

फक्त पिवळा दिवा लागला असता साधे ब्रेक सहसा चालू राहतात. वेग कमी ठेवून व पुढील वाहनापासून जास्त अंतर राखून गॅरेजपर्यंत जाता येते. हॅण्डब्रेक सोडलेला असताना तांबडा दिवा कायम राहिल्यास, किंवा पेडल मऊ लागल्यास, सुरक्षित जागी थांबणे आवश्यक असते. तांबडा व एबीएसचा दिवा एकत्र लागल्यास पुढील-मागील चाकांतील ब्रेकदाबाची विभागणी बंद पडलेली असू शकते. अशा वेळी जोरात ब्रेक लावल्यास मागील चाके आधी अडकून गाडी फिरण्याचा धोका असतो.

दिव्यांच्या मर्यादा

तांबडा दिवा सामान्यतः ऑइलची पातळी ओळखतो. त्याचे तापमान वा गुणवत्ता ओळखत नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट-३ प्रकाराच्या नव्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यावरच्या चाचणीसाठी ही मर्यादा १४० अंश आहे. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्याने ऑइल उकळून त्यात वाफ झाली, तर एकही दिवा न लागता पेडल खाली जाऊ शकते. म्हणून दिवे विझलेले असणे ही ब्रेक निर्दोष असल्याची खात्री नव्हे. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवणे आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ऑइल बदलणे, हाच त्यावरील उपाय होय.

हेही पाहा

ब्रेक
कसारा घाट
माळशेज घाट