चतुरासाठी उंच पूल

सिव्हिलला ॲडमिशन घेतली तेव्हा दलदल म्हणजे भराव टाकून बुजवायची जागा, एवढंच माझं ज्ञान होतं. त्या समजुतीला धक्का दिला तो एका चतुराने.

हो, चतुरच! लहानपणी ज्याच्या शेपटीला आपण दोरा बांधायचो, त्याचा हा अमेरिकेतला भाऊबंद. नाव हाइन्स एमराल्ड, डोळे पाचूसारखे हिरवेगार. १९३१ साली शास्त्रात त्याची नोंद झाली. पुढे तो दिसेनासा झाला, संपलाच असं वाटू लागलं आणि १९८८ मध्ये इलिनॉय राज्यात पुन्हा सापडला. १९९५ पासून त्याला तिथल्या कायद्याचं संरक्षण आहे.

तो इतका दुर्मिळ का? उत्तर जमिनीखाली आहे. त्याचं पिल्लू पाण्यात चार-पाच वर्षं काढतं (आपल्यासारखंच, केटी लागली तर पाच!) आणि पंख फुटल्यावर जेमतेम काही आठवडे जगतं. पिल्लाला लागतात डोलोमाइट खडकातून झिरपणाऱ्या भूजलाचे उथळ ओघळ. ते आटले किंवा थंडी वाढली की पिल्लू क्रेफिशच्या बिळात शिरतं. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, कोळंबीच्या नात्यातला प्राणी. त्याचं बीळ भूजलापर्यंत खोल जातं. हा घरमालक कधीकधी भाडेकरूलाच खातो, ते सोडा!

म्हणजे नुसतं कुंपण घालून हा चतुर वाचत नाही. शेजारी खाण खणली किंवा बेसुमार उपसा झाला की पाण्याची पातळी खाली जाते, बीळ कोरडं पडतं आणि पिल्लू मरतं. जपायचं आहे ते पाणी जिथून मुरतं ते सगळं क्षेत्र.

शिकागोजवळ आय-३५५ महामार्ग वाढवताना डेस प्लेन्स नदीचं खोरं आडवं आलं. भराव घातला असता तर ओघळ तुटले असते, आणि खालून धावणाऱ्या गाड्यांना चतुर धडकले असते. म्हणून दलदलीवरून दोन किलोमीटरपेक्षा लांब, उंच पूल बांधला. २००७ मध्ये तो खुला झाला. अर्थात पुलाने धडक टळते, उपसा थांबत नाही. ती लढाई वेगळीच.

मित्रांनो, उद्या ड्रॉइंगवर आपल्या सह्या असतील. सर्व्हे शीटवर ‘पडीक पाणथळ’ लिहिण्याआधी एवढंच विचारू या: हे पाणी येतं कुठून, आणि त्यावर कोण जगतंय?