मुलांच्या हाती काय द्यावे?

फराळाच्या सामानासाठी आपण चार दुकाने पालथी घालतो. मुलांसाठी पुस्तक घ्यायचे झाले की मात्र समोर येईल ते उचलतो. मग "सर, आमचा मुलगा वाचतच नाही हो!" ही तक्रार ठरलेली. रत्नागिरीतल्या अशा पालकांना मी तीन वाटा सुचवतो.

पहिली, येथील १८२८ सालचे नगर वाचनालय. मुलाला तेथे न्या आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. त्याने भुताचे निवडले, तरी नाक मुरडू नका.

दुसरी, 'किशोर' मासिक. बालभारती ते १९७१पासून काढते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. तुम्ही लहानपणी वाचलेला अंक मुलाला दाखवा. गप्पांना विषय मिळेल.

तिसरी वाट आपल्याच मातीतली. पालगडच्या साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यातले पालगड नि दापोली मुलांना एस.टी.ने जाऊन पाहता येते. विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगांवकर यांची जन्मगावेही तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातलीच. दोघांनीही बालकविता लिहिल्या. त्या मोठ्याने वाचाव्यात, म्हणजे ताल कळतो.

एवढी खटपट कशाला? महाविद्यालयात माझ्यापुढे बसणाऱ्या अनेकांना मराठी केवळ परीक्षेपुरती येते. मनातले सांगायला त्यांना शब्द सापडत नाहीत. अठराव्या वर्षी ती उणीव भरून काढणे फार कठीण! म्हणून आई-बाबांनो, रात्री पंधरा मिनिटे मोबाईल बाजूला ठेवून मुलांना वाचून दाखवा. या दिवाळीपासूनच आरंभ करा.