कडबा पचवतं कोण?

बोदवडच्या शिवारात बैल दादर ज्वारीचा कडबा खातो, मग सावलीत बसून रवंथ करतो. पण कडब्यातलं सेल्युलोज तोडणारं विकर त्याचं शरीर बनवतच नाही! ते काम पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातले सूक्ष्मजीव करतात. हा कप्पा म्हणजे आंबवण्याचा रांजणच. तिथे तयार होणाऱ्या आम्लांतून बैलाला बहुतेक ताकद मिळते. पुढे तो ते सूक्ष्मजीवही पचवतो, म्हणजे प्रथिनांचीही सोय झाली.

घोड्या-गाढवांत हे आंबवणं मागच्या आतड्यात होतं. म्हणून लीद मोडून पाहा, काड्या शेणापेक्षा जाड दिसतील. सशाचंही तसंच; निसटलेलं पोषण मिळवायला तो तर आपल्याच मऊ लेंड्या पुन्हा खातो.

आणि आपण? कळण्याच्या भाकरीतला कोंडा आपल्यालाही पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यातला काही भाग आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या ब्युटिरिक आम्लावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसतात. पीठ चाळून कोंडा टाकणं मला म्हणूनच पटत नाही.