ईदला घरी येता येईल. पण परत जाता येईल का?

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की परदेशात मुले असलेल्या घरांतून एकच प्रश्न फोनवर जातो, ‘‘बेटा, ईदला येतोस ना?’’ इकडे इफ्तारची वेळ असते, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे सव्वानऊ वाजलेले असतात. पलीकडून ‘‘बघतो, अम्मी’’ एवढेच उत्तर येते. घरच्यांना वाटते, नवी नोकरी आहे, सुट्टी मिळत नसेल किंवा तिकीट महागले असेल. खरे कारण बऱ्याचदा पासपोर्टमध्ये असते. गणपतीला, दिवाळीला मुलांची वाट पाहणाऱ्या घरांचीही हीच गोष्ट आहे.

अमेरिकेत शिकायला जाणारा विद्यार्थी एफ-१ व्हिसावर जातो. पदवीनंतर त्याला १२ महिने काम करता येते. विज्ञान-तंत्रज्ञान शाखेचा असेल तर आणखी २४ महिने. त्यापुढे नोकरी टिकवायची तर कंपनीला त्याच्यासाठी एच-१बीचा अर्ज करावा लागतो. वर्षाला जागा ६५,००० आणि अमेरिकेतून पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,०००. मागणी कितीतरी जास्त. त्यात नंबर लागला आणि अर्ज मंजूर झाला, तर देश न सोडता त्याचा दर्जा विद्यार्थ्याचा कर्मचारी होतो. मंजुरीचा आय-७९७ हा कागद येतो आणि इकडे मोहल्ल्यात पेढे वाटले जातात.

गैरसमज इथेच होतो. हा कागद म्हणजे व्हिसा नव्हे. दर्जा म्हणजे आत राहण्याची परवानगी आणि व्हिसा म्हणजे दारावर दाखवायची चिठ्ठी. मुलाच्या पासपोर्टवर अजून विद्यार्थ्याचाच व्हिसा असतो. तो अमेरिकेत आहे तोवर काही अडत नाही. तीन वर्षांनी कंपनी मुदतवाढीचा अर्ज करते. तो वेळेत केला असेल तर निकालाची वाट पाहतानाही २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येते. अशी सहसा सहा वर्षे पासपोर्टवर एच-१बीचा व्हिसा नसतानाही निघू शकतात. पण एकदा तो मायदेशी आला, की परत जाण्यासाठी हा व्हिसा लागतोच आणि तो अमेरिकेबाहेरच्या वकिलातीतूनच घ्यावा लागतो.

२०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेने देशातल्या देशातच एच-१बी व्हिसाचे नूतनीकरण करून पाहिले. २०,००० अर्जांची मर्यादा होती. पण ती सोय ठरावीक काळात भारतात किंवा कॅनडात एच-१बी व्हिसा मिळालेल्यांसाठीच होती. दर्जा बदललेल्या विद्यार्थ्याकडे नूतनीकरण करायला जुना एच-१बी व्हिसाच नसतो. त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते: डीएस-१६० अर्ज, बोटांचे ठसे आणि मग मुलाखत.

ही वाट २०२५ मध्ये अधिक अरुंद झाली. २ सप्टेंबरपासून मुलाखतीशिवाय कागद जमा करण्याची सवलत एच-१बीवाल्यांसाठी बंद झाली. अर्ज स्वतःच्या देशात किंवा राहत्या देशातच करावा, अशी सूचनाही त्याच महिन्यात आली. त्यामुळे वाटेत तिसऱ्या देशात व्हिसा उरकून घेण्याचा मार्ग राहिला नाही. १५ डिसेंबरपासून समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ अर्जांनाही लागू झाली. भारतातल्या अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. लग्नासाठी किंवा आजारी आई-वडिलांना भेटायला दोन-तीन आठवड्यांची रजा घेऊन आलेली माणसे इथेच अडकली. रजा संपते, पण घरभाडे आणि कर्जाचे हप्ते चालूच राहतात. सगळ्याच कंपन्या भारतातून काम करू देत नाहीत.

त्यात तारखांचा पेच आहे. चंद्राच्या हिशेबाने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. एच-१बीचे वेळापत्रक मात्र जागचे हलत नाही: मार्चमध्ये नोंदणी, १ एप्रिलपासून अर्ज, १ ऑक्टोबरपासून नवे काम. अर्ज प्रलंबित असताना मुलगा देशाबाहेर पडला, तर दर्जा बदलण्याची मागणी सोडून दिली असे धरले जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावणारा आदेश आला. ऑक्टोबरमधल्या सरकारी खुलाशानुसार अमेरिकेत राहून दर्जा बदललेल्यांना ते लागू नाही; पण निकालाआधी देश सोडणाऱ्याच्या अर्जावर ते लागू शकते. ईदसाठी केलेला आठ दिवसांचा प्रवास इतका महाग पडू शकतो.

म्हणून घरच्यांनी तिकिटाची घाई करू नये. आधी मुलाखतीची तारीख मिळू द्यावी, मग विमानाचे बघावे. आणि ती तारीख पुढे गेली तर काय करायचे, हे मुलाने कंपनीशी आधीच बोलून ठेवावे. मंजुरीचा मूळ कागद, पगाराच्या पावत्या, पदवीची प्रमाणपत्रे सोबत हवीत. अर्जातली माहिती आणि समाजमाध्यमांवरची माहिती जुळली पाहिजे. ‘ओळखीने तारीख काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटापासून चार हात दूर राहावे. शंका असेल तर कंपनीच्या वकिलाला विचारावे. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नये.

आणि ‘‘शेजाऱ्याचा मुलगा आला, तू का नाही?’’ हा प्रश्न मुलाला विचारू नये. त्याचा व्हिसा झाला असेल, याचा बाकी असेल. ‘‘बघतो, अम्मी’’ म्हणणाऱ्या मुलालाही घर आठवतच असते. त्याला एवढेच सांगावे, ‘‘कागद होऊ दे बेटा, मग ये. शिरखुर्मा काय, ईद नसतानाही करता येतो.’’