अहवालातले ‘आर’

कपाशीवर फवारणी सुरू झाली की वऱ्हाडातल्या दवाखान्यांत विषबाधेचे रुग्ण येऊ लागतात. अमरावतीचं इर्विन असो की अकोल्याचं सर्वोपचार, हे दिवस तिथल्या डॉक्टरांच्या ओळखीचे आहेत. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीतल्या काही कीटकनाशकांनी श्वासाचे स्नायूच लुळे पडतात. मग घशातून नळी टाकून रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं, कधी आठ दिवस, कधी पंधरा.

विषावरचा उतारा ॲट्रोपिन चालू असतं, विष उतरत असतं. व्हरांड्यात डबा घेऊन बसलेल्या घरच्यांचा जीव जरा भांड्यात पडतो, आणि सहाव्या दिवशी ताप चढतो. नळीतून दाट, पिवळसर स्राव येतो. एक्स-रेमध्ये फुफ्फुसावर नवा डाग दिसतो. हा ताप शेतातून आलेला नसतो, तो दवाखान्यातच लागलेला असतो.

नळीमुळे रुग्णाला खोकता येत नाही. तोंडातले जंतू तिच्या कडेनं खाली झिरपतात, आतल्या बाजूला त्यांचा चिकट थर धरतो आणि त्या थरापर्यंत औषध नीट पोहोचतच नाही. ॲसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू तर पलंगाच्या कोरड्या कठड्यावरही कित्येक दिवस तग धरतो. तिथून तो हातावर येतो आणि हातावरून पुढच्या खाटेवर जातो.

स्राव कल्चरला पाठवला की दोन-तीन दिवसांनी अहवाल येतो. डावीकडे प्रतिजैविकांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडेल, ‘आर’ म्हणजे जंतू दाद देणार नाही. आर, आर, आर असं बोट फिरवत खाली जावं, तेव्हा कुठे तळाशी कोलिस्टिन उरतं. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून एके काळी बाजूला ठेवलेलं हे जुनं औषध. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२१ च्या अहवालात ॲसिनेटोबॅक्टरच्या ८७ टक्क्यांहून अधिक नमुन्यांनी कार्बापेनेम या राखीव औषधांनाही दाद दिली नव्हती. परिषदेच्या या पाहणीत आपल्या शेजारचं सेवाग्रामचं रुग्णालयही आहे.

हे जंतू एका रात्रीत असे झाले नाहीत. सर्दी-पडशाला “भाऊ, दोन गोळ्या द्या” म्हणत आपण मेडिकलवरून प्रतिजैविकं आणली, बरं वाटताच अर्धी पट्टी टाकून दिली. महत्त्वाची प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१४ पासून एच-१ ची वेगळी यादी आहे. काउंटरवर ती किती पाळली जाते, हे आपल्याला ठाऊक आहे.

उपाय मात्र साधे आहेत: प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करणं, उशाकडची बाजू उंच ठेवणं, नळी आज काढता येईल का हे रोज तपासणं. पण एकाच परिचारिकेला चार-चार व्हेंटिलेटर सांभाळावे लागले, तर ती प्रत्येक वेळी हात कधी धुणार? माझ्या मते महागड्या इंजेक्शनांआधी सरकारनं परिचारिकांच्या जागा भराव्यात.

तुमचं माणूस अतिदक्षता कक्षात असेल, तर आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवा, खाटेवर बसू नका. डॉक्टरांना दोन प्रश्न न संकोचता विचारा: कल्चर पाठवलं का? आणि नळी कधी निघेल?